कऱ्हाकाठचा तट
युरोपात नदीकाठचे दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे मोर्चे जपतात. आपल्याकडे कऱ्हेकाठी बारामतीत बाबूजी नाईकांचा बुरूजबंद वाडा उभा आहे, तोही तसाच जपायला हवा. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर थेट पेशवाईवर हक्क सांगणारे हे सावकार. कवी मोरोपंतांनाही त्यांचाच आश्रय. इंदापुरातली शिवरायांच्या आजोबांची, मालोजीराजांची गढीही तितकीच मोलाची. अशा तटांचा खरा वैरी पिंपळ! सांध्यात रोप रुजलं की मुळं चिरे ढिले करतात. वरवर छाटून भागत नाही, मुळासकटच काढावं लागतं. आणि सांधा चुन्यानंच भरावा. सिमेंटमागे ओल कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात. वाड्याच्या नि गढीच्या डागडुजीच्या निविदेत चुना लिहिलाय का, हे बारामतीकरांनी आणि इंदापूरकरांनी काम सुरू होण्याआधीच विचारावं.