रोहिणी हट्टंगडींना बाफ्टा मिळाला, पण ‘आईआजी’ला राष्ट्रीय पुरस्कार का मिळू शकत नाही?

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये मोबाइलवर मालिका पाहणाऱ्यांना रोहिणी हट्टंगडी म्हटलं की ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजी आठवते. त्यांचे मोठे पुरस्कार मात्र मालिकांचे नाहीत. असं का?

कोणते पुरस्कार मिळाले?
● ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी १९८३ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा. सहाय्यक अभिनेत्रीचा हा पुरस्कार मॉरीन स्टेपलटन यांच्यासोबत विभागून मिळाला.
● ‘अर्थ’साठी फिल्मफेअर.
● ‘पार्टी’साठी १९८४ चा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार. सहाय्यक अभिनेत्रीचा विभाग त्याच वर्षी सुरू झाला, त्यामुळे पहिल्या मानकरी त्याच.
● नाटकातल्या कामासाठी २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार.

मालिकांचं काय?
‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. पण राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मालिकांना विभागच नाही. वाहिन्यांचे सोहळे होतात, पण तिथे स्पर्धा बहुतेक त्यांच्याच मालिकांमध्ये असते. २०२३ पासून ‘इफ्फी’त वेब सीरिजला पुरस्कार आहे. रोजच्या मालिका त्यात बसत नाहीत.

फरक कुणाला पडतो?
हट्टंगडींच्या नावावर मालिकांआधीच बाफ्टा होता. अंबरनाथ-उल्हासनगरहून ऑडिशनला जाणाऱ्या मुलीला आधी मालिका मिळाली, तर वर्षानुवर्षं घराघरांत दिसूनही तिच्या कामाची राष्ट्रीय पातळीवर नोंद होत नाही.