जुन्या दाराचा रंग काढताना

ईद जवळ आली की आमच्या परभणीत घरोघरी रंगाचे डबे उघडतात. यंदा आम्ही दादांच्या काळातले सागवानी दार हाती घेतले. थरावर थर चढून त्याची नक्षी पार बुजली होती. ओळखीच्या रंगाऱ्याने हीट गन दिली आणि म्हणाला, "सर, बघा कसा भराभर निघतो."

खरेच निघत होता. गरम हवेने रंगाला फोड येत, पत्री लावली की तो सोलून खाली पडे. तेवढ्यात आमची दीड वर्षाची पुतणी आली आणि खाली पडलेला तुकडा उचलून तोंडाकडे नेऊ लागली. तिच्या अम्मीने तिला झटकन उचलले. आम्ही गन बंद केली.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असायचे. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, असा आपल्या देशाचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून त्याआधीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. शिसे लहानांच्या मेंदूला इजा करते, अभ्यासातली गती कमी करते. 'एवढे चालते' असे त्याचे सुरक्षित प्रमाण नाही. पोटातल्या बाळालाही ते पोहोचते.

रंग घट्ट असेल तर तो काढूच नये. ओला पॉलिश पेपर हलका फिरवून वरून नवा रंग द्यावा. काढायचाच असेल तर मुले आणि गरोदर बायका घरात नसताना, शक्यतो दार उतरवून अंगणात काढावा. गन ५०० अंशांच्या आत ठेवावी. फार तापवले तर शिशाची वाफ नाकात जाते. रंग फुगला की लगेच खरवडावा. धूर निघाला किंवा रंग काळा पडला तर उष्णता जास्त झाली. गन एका जागी रोखू नये आणि खिडकीच्या काचेवर धरू नये, काच तडकते. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवा. कोरडे घासू नये.

दोन हजार वॉटची गन जवळपास नऊ अँपिअर वीज ओढते. ती सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर किंवा बारीक एक्स्टेन्शनवर लावू नये. चौकटीच्या फटीतला भुसा आतल्या आत धुमसत राहू शकतो, म्हणून काम दुपारीच संपवावे, पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि झोपण्यापूर्वी चौकट पुन्हा पाहावी.

खाली प्लास्टिक अंथरावे. तुकडे त्यातच गुंडाळावेत, चुलीत टाकू नयेत. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत आणि हात धुतल्याशिवाय इफ्तारीला बसू नये.

पुतणी दोन दिवस जिंतूरला नानीकडे राहिली. आम्ही दार अंगणात नेले आणि उरलेले काम सावकाश केले. नक्षीच्या खाचांत थोडा हिरवा रंग अजून आहे. तो आम्ही तसाच ठेवून वरून नवा हात दिला.