कपात कुठे करावी?

कमी खर्चाच्या गेमिंग संगणकाचे कोटेशन बहुधा ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि उरलेल्या रकमेत बाकीचे भाग बसवले जातात. ग्राहकाच्या बाजूने हे स्वाभाविक असले, तरी संगणक असेंबल करणाऱ्या व्यावसायिकाची कसोटी वेगळी असायला हवी. जो भाग पुढे सहज वाढवता येतो, त्यात आज काटकसर करावी. ज्याची उणीव नंतर भरून निघत नाही, किंवा ज्याच्या बिघाडाने शेजारचे भागही निकामी होतात, तिथे मात्र हात आखडू नये. ५०० जीबीच्या एसएसडीला वर्षभराने दुसरी एसएसडी जोडता येते. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी कार्डालाच सोल्डर केलेली असल्यामुळे ती एका जीबीनेही वाढत नाही.

या कसोटीचे महत्त्व जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाने चांगलेच दाखवून दिले. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गाला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात आणि त्याच्या प्रत्येक पदराला लेन. हे कार्ड सोळा लेनच्या लांब स्लॉटमध्ये बसते, परंतु वापरते केवळ चार लेन, आणि त्यावरची मेमरीही मूळ आवृत्तीत ४ जीबीच आहे. मेमरी भरली की गेममधील चित्रांची माहिती या अरुंद मार्गाने मुख्य रॅममधून आणावी लागते. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर या मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे ८ जीबी असते, तर ३.० वर ती निम्मी होते. बी४५० मदरबोर्ड ३.० पुरताच मर्यादित आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण नव्या बी५५० बोर्डावर रायझन ५ ५५०० बसवला, तरी तीच मर्यादा येते, कारण ती त्या प्रोसेसरची स्वतःची आहे. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्या नावांत शंभराचा फरक दिसत असला, तरी पहिल्याची तिसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतच असलेली वेगवान स्मृती, १६ एमबी आहे आणि दुसऱ्याची ३२ एमबी, आणि गेममध्ये हा फरक जाणवतो. याचा अर्थ ५५०० टाकाऊ आहे असा नव्हे. आठ लेन आणि ८ जीबी मेमरी असलेल्या आरएक्स ६६०० सारख्या कार्डासोबत तो व्यवस्थित चालतो. चुकते ती जोडी.

नावाने फसण्याचा दुसरा प्रकार आरटीएक्स ३०५० चा. २०२२ च्या ८ जीबी कार्डात २,५६० कूडा कोअर आणि १२८ बिटांची मेमरी बस आहे, तर २०२४ च्या ६ जीबी कार्डात २,३०४ कोअर आणि ९६ बिटांची. कोटेशनमध्ये नुसते ‘३०५०’ लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते. अर्थात ६ जीबीचे कार्ड ७० वॅटांवर भागत असल्याने, वेगळी वीज-जोडणी नसलेल्या जुन्या ऑफिस संगणकात तेच उपयोगी पडते, हेही खरे.

रॅमबाबत थोडक्यात इतकेच, की ३२०० वेगाच्या डीडीआर४ ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवू शकते आणि दोन पट्ट्या दोन चॅनेलवर मिळून त्याच्या दुप्पट. रायझन ५ ५६००जी सारख्या, वेगळ्या कार्डाविना चालणाऱ्या प्रोसेसरचे ग्राफिक्सही याच रॅमवर जगत असल्याने, तिथे एकच पट्टी बसवणे म्हणजे अर्ध्या किमतीवर पाणी सोडणे होय.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते एसएमपीएसकडे, म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या एसी विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणाऱ्या भागाकडे. आजचे प्रोसेसर आणि कार्डे आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात. त्यामुळे डब्यावर ४५० वॅट छापलेले असूनही लेबलवर १२ व्होल्टसमोर २० अँपिअर असतील, तर कामाची क्षमता २४० वॅटच धरावी लागते. ८० प्लसचे चिन्ह कार्यक्षमता सांगते, शॉर्ट-सर्किट वा अतिभाराविरुद्धच्या संरक्षणाची हमी देत नाही. शिवाय ती चाचणी साधारण २३ अंश तापमानाला होते, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद कॅबिनेटच्या आत ते तापमान स्वप्नातही मिळत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांनी साधारण निम्मे होते, हा ठोकताळा या प्रदेशातल्या दुकानदारांनी तरी भिंतीवर लिहून ठेवावा.

त्यात यूपीएसची भर पडते. घरोघरी आढळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो आणि त्यावर मॉनिटरही असतोच. स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताच गुळगुळीत साइन लहरीऐवजी पायऱ्यांची लहर सोडतो. मुख्य प्रवाहाशी ताळमेळ राखून वीज ओढणारे अॅक्टिव्ह पीएफसी मंडल असलेले काही एसएमपीएस ती लहर स्वीकारत नाहीत, आणि वीज जाताच संगणक बंद पडतो. ‘गेम सुरू केला की मशीन बंद होते’ या तक्रारीवर कार्ड वॉरंटीला पाठवून महिनाभर वाट पाहणारे ग्राहक लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सर्वत्र भेटतात, आणि दोष बऱ्याचदा कार्डाच्या मागच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला असतो.

म्हणून कोटेशनमधील ‘एसएमपीएस ४५० वॅट’ या ओळीत मॉडेल, १२ व्होल्टवरील अँपिअर आणि वॉरंटीची वर्षे, तर कार्डाच्या ओळीत मेमरी आणि लेनची संख्या लिहिण्याची पद्धत पडायला हवी. पैसे कमी पडत असतील तर कात्री आधी काचेच्या पुढच्या भागावर आणि चार रंगीत पंख्यांवर चालवावी. जाळीच्या साध्या कॅबिनेटमध्ये हवा अधिक मोकळी खेळते, आणि ते स्वस्तही पडते.