हत्यारपेटी : बोल्टाच्या डोक्यावरचा आकडा



या खेपेचा लेख सिंगापूरहून परतल्यावर लिहितोय. आमचा नातू तिथे वन-नॉर्थ नावाच्या भागात नोकरीला आहे. बाळांनो, जरा नकाशा काढा. सिंगापूर विषुववृत्तापासून साधारण एक अंश उत्तरेला आहे, म्हणून या भागाचं हे नाव. त्याचा आराखडा २००१ साली झाहा हदीद या नामवंत वास्तुविशारद बाईंनी केला. तिथल्या फ्युजनोपोलिसच्या उंच इमारती पाहून मान दुखते. धातू आणि नवे पदार्थ तपासणारी सरकारी प्रयोगशाळाही याच भागात आहे.

एका संध्याकाळी नातवाने जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा जुना डबा उपडा केला. आत सगळे बोल्ट!

"सबा, यातले कुठले घेऊ, सांगा."

त्याच्या मित्राची जुनी जीप खाडीपलीकडे जोहोरमध्ये असते. दोघांना मलेशियाच्या जंगलात जायचंय. तिथे १९९७ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' नावाची गाड्यांची स्पर्धा भरते. २०१४ पासून तशीच आपल्या गोव्यातही, ऐन पावसात सुरू झाली. चिखलात गाडी रुतली की विंचचा दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःला ओढून बाहेर काढायचं. यांनी विंच विकत घेतला होता. त्याची बैठक मात्र घरी बनवणार होते.

डबा बघून माझ्या पोटात गोळा आला. का, ते सांगतो.

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होतो. इस्रायलला आल्यावर नेगेवमध्ये आम्ही एका जीपला अशीच बैठक बनवली. लोखंड चांगलं जाड घेतलं, पण बोल्ट घेतले डब्यातले. जाडीला बरोबर बसले, बस्स! वाळूत रुतलेला ट्रक ओढताना एक बोल्ट तुटला, विंच फिरला आणि दोर मेहुण्याच्या गुडघ्यावर बसला. तो शेवटपर्यंत लंगडत चालला. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्या तुटक्या बोल्टाच्या डोक्यावर एकही आकडा नव्हता.

म्हणून नातवाला म्हटलं, "आधी चष्मा दे, मग डोकी वाचू."

चांगल्या पोलादी बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो (इंग्रजी आकड्यांत). पहिल्या ८ ला शंभराने गुणा : ८००. म्हणजे एक चौरस मिलिमीटर जागेवर ८०० न्यूटन, साधारण ८० किलो वजन टांगेपर्यंत तो तुटत नाही. एक चौरस मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी जागा! दुसरा ८ सांगतो की यातला आठ दशांश ताण, म्हणजे ६४ किलो, येईपर्यंत बोल्ट कायमचा ताणला जात नाही. साधा ४.६ चा बोल्ट ४० किलोला तुटतो आणि २४ किलोलाच ताणला जायला लागतो. दिसायला दोघे सख्खे भाऊ. इंची बोल्टांवर आकडा नसतो, रेघा असतात : तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८.

डब्यात चकचकीत स्टेनलेसचे बोल्टही होते. नातवाला तेच आवडले. त्यांच्यावर ए२-७० लिहिलेलं असतं. ते गंजत नाहीत, पण ताकदीने ८.८ पेक्षा कमीच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

"मग सगळ्यात कडक, १२.९ चे घालू का?"

तेही नको. कांब वाकते, करवतीचं पातं मोडतं. फार कडक बोल्ट आधी सूचना न देता मोडू शकतो. विंचच्या खोक्यातून आलेले बोल्ट असतील तर तेच वापरावेत. पत्रा जाड असल्याने लांब बोल्ट हवा असेल, तर त्याच जाडीचा आणि त्याच ग्रेडचा घ्यावा. नटही तोलामोलाचा, ८.८ ला ८ चा. बोल्टाला वेल्डिंग करू नये. उष्णतेने त्याचं पाणी उतरतं.

आता बैठकीचं लोखंड. नातवाचा विंच ४,३०० किलो ओढणारा आहे. जीप कितीही हलकी असो, बैठकीने एवढा ओढा सोसलाच पाहिजे. शिवाय दोर बोल्टांपेक्षा काही इंच वर असतो, म्हणून विंच पुढे कलंडायला बघतो आणि मागचे बोल्ट उपसायला बघतो. साधं माईल्ड स्टील घ्यावं, निदान ६ मिलिमीटर जाड, कडेला अँगल जोडून. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण वेल्डिंगजवळ ते नरम पडतं. बैठक बंपरला नाही, थेट चासीला बांधायची. भोकं ड्रिलने पाडावीत, गॅसने जाळून नाहीत, आणि काठापासून बोल्टाच्या दुप्पट जाडीइतकी तरी आत. खाली जाड वायसर. घट्ट करताना पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पाना वापरावा. दोन पत्रे घट्ट दाबून धरणं हेच बोल्टाचं खरं काम. ढिला राहिला की आटे हादरे खातात. पहिल्या ओढीनंतर पुन्हा पाना लावून बघावा.

शेवटी, वेल्डिंग जाणत्याकडून करून घ्यावं आणि गाडीला असं काही जोडायला त्या देशाच्या कायद्याने परवानगी आहे ना, हे आधी विचारावं. दोर ताणलेला असताना त्यावर जाड गोधडी टाकावी आणि कोणीही जवळ उभं राहू नये. माझा मेहुणा जवळ उभा होता.

नातवाने ऐकून घेतलं. डबा बंद केला आणि म्हणाला, "सबा, हे भंगारात. उद्या नवे आणू." त्या रात्री मला शांत झोप लागली.

बाळांनो, तुम्हाला एक काम. घरातल्या सायकलीचे, खाटेचे, झोपाळ्याचे बोल्ट बघा. कशावर कुठला आकडा सापडला, ते कागदावर लिहून पाठवा. आजीआजोबांचा चष्मा उसना घ्या, पाना मात्र त्यांच्याच हातात द्या.

पुढच्या अंकी भेटू.