जाहीर लिलाव म्हणे! कुणासाठी जाहीर?

मागच्या महिन्यात जप्त गाड्यांच्या सरकारी लिलावाला गेलो होतो. बातमीसाठी नाही, स्वतःसाठी. जुनी बोलेरो बघायची होती. टायर बसलेले, बॉनेटवर वेल चढलेला. म्हटलं, साहेब, एकदा सुरू करून दाखवा. उत्तर आलं, "जशी आहे तशी, जिथं आहे तिथं. नोटीस वाचली नाही का?"

वाचली होती ना! आरसी आहे का, टॅक्स किती थकलाय, बँकेचा बोजा आहे का, चलनं किती, यातलं एक अक्षर नव्हतं. अनामत रकमेचा आकडा मात्र ठळक.

मोटार वाहन नियम 57 सांगतो की, सरकारी लिलावातली गाडी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत नमुना 32 भरून नावावर करून घ्या. सोबत विक्री कायम झाल्याचं प्रमाणपत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. प्रत कुठं मिळेल, विचारलं. "आरटीओत बघा." अहो, आदेश तुमचा, आरटीओ काय बघणार?

भाजीच्या धंद्यासाठी ओम्नी घ्यायला आलेला एक पोरगा हे सगळं ऐकून बोली न लावताच निघून गेला. उरले भंगारवाले. त्यांना ना आरसी लागते, ना इंजिन. ते किलोत मोजतात. समोरासमोर बसून चहा पीत होते, बोली काही चढत नव्हती. (का, ते तुम्हीच समजा.)

माझी मागणी एवढीच: प्रत्येक गाडीच्या काचेवर तिचा कागदोपत्री हिशोब चिकटवा, आणि बोलीआधी एक दिवस मेकॅनिक घेऊन आत येऊ द्या. याला कुठला निधी लागतो, साहेब?