शेवंता टीव्हीवर चालते, वंशावळीत का नाही?



पोस्ट लांब आहे. जेवणं आटोपून, निवांत बसून वाचा.

आपल्या ग्रुपवर गेले काही दिवस 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेवरून जुंपली आहे. कोणीतरी जुन्या भागाची क्लिप टाकली आणि मग मतांचा पाऊस पडला. मी सगळी मतं वाचली. निवृत्त माणसाला वेळ असतो. माझ्या हिशेबाने त्यांचे तीन गट होतात. पहिला गट म्हणतो, या मालिकेने कोकणाची बदनामी केली. दुसरा म्हणतो, भुताखेतांचं सोडा हो, अण्णा आणि शेवंताची लव्हस्टोरी काय रंगली होती! तिसरा म्हणतो, असली घराणी असतील दुसरीकडे, आपल्यात असलं काही नव्हतं. मला तिन्ही मतं पटत नाहीत. का, ते सांगतो.

आधी मालिकेबद्दल दोन शब्द, कारण आपली परदेशातली पोरंही हे वाचतात. झी मराठीवर 2016 मध्ये ती सुरू झाली. दुसरा भाग 2019 मध्ये आला आणि तिसरा 2021 मध्ये. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीला. नाईकांचा जुना वाडा, घरातला कर्ता पुरुष अण्णा गेलेला, मुंबईचा मुलगा माधव घरी आलेला, जमिनीची वाटणी, आणि घराने दडवून ठेवलेल्या गोष्टी. दुसऱ्या भागात काळ मागे नेऊन अण्णा आणि शेवंताचं प्रकरण दाखवलं, आणि तोच भाग सगळ्यात गाजला. मालिकेतली बोली आपल्या पेडणे-डिचोलीच्या कानाला परकी नाही. लाटंबार्सेहून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर. आपल्या मुली तिकडे दिल्यात, तिकडच्या सुना आपल्या घरी आल्यात. म्हणून तर आपण ती मालिका घरचीच समजून बघितली.

आता पहिलं मत. बदनामीची ओरड 2016 मध्येही झाली होती. सिंधुदुर्गातल्या लोकांनी आक्षेप घेतला की कोकण म्हणजे भुतं आणि करणी असं चित्र उभं राहतं. आक्षेपात तथ्य आहे, अंधश्रद्धेचा मसाला जरा जास्तच होता. पण एक गोष्ट बघा. आपल्या ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी बदनामीबद्दल लिहिलं, त्यांतल्या एकालाही अण्णाने दुसरं घर केलं यात बदनामी वाटली नाही. भूत दाखवलं तर गावाची अब्रू जाते. माईसारखी बाई आयुष्यभर चुलीपाशी सगळं गिळून बसते, त्याने नाही जात. हा कुठला न्याय?

दुसरं मत लव्हस्टोरीवाल्यांचं. अण्णाची भूमिका माधव अभ्यंकरांनी आणि शेवंताची अपूर्वा नेमळेकरांनी उत्तम केली, यात वाद नाही. पण अहो, त्या अण्णाने माणसं मारली, जमिनी लुबाडल्या. आणि आपण त्याचे फोटो सणाच्या शुभेच्छांना लावून फिरवले! आपल्या बोलण्यातही बघा. बाईला आपण 'ठेवलेली' म्हणतो आणि पुरुषाला 'रंगेल'. 'ठेवलेली' म्हणताना तोंड वाकडं होतं, 'रंगेल' म्हणताना मिशीत हसू येतं. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी, एक नावे आणि एक जमा. असा हिशेब मी बँकेत कोणाचा पास केला नसता.

तिसरं मत सगळ्यात धोक्याचं. 'आपल्यात असलं काही नव्हतं.' मंडळी, आपण गोव्यात राहतो. इथे देवळांच्या आश्रयाने कलावंत बायका पिढ्यान्‌पिढ्या होत्या, आणि त्यांचे यजमान कोण होते? आपल्यासारख्याच मानाच्या घरांतले पुरुष. शेवंता कलावंत नव्हे हे मला ठाऊक आहे, मालिकेत ती दुसऱ्याची लग्नाची बायको आहे. पण ज्या घरात पुरुष हक्काने येतो-जातो आणि ज्या घराला त्याचं नाव मिळत नाही, तसं घर आपल्याला नवीन नव्हतं. पैंगिणीच्या राजाराम पैंगीणकरांनी स्वतःच्या जन्माबद्दल उघडपणे आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव 'मी कोण?'. 1969 चं पुस्तक आहे, मराठीत आहे, आणि आपल्या किती घरांत ते वाचलं गेलंय? त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी गोमंतक मराठा समाज उभा केला, ती प्रथा मोडायला लावली, मुलांना शाळेत घातलं. त्याच समाजातून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आले, आपल्या पेडण्यात जन्मलेले. त्या समाजाने प्रश्न विचारला 'मी कोण?' आणि उत्तर स्वतःच्या हिमतीवर दिलं. आपण मात्र आपल्या बाजूचं पान कोरं ठेवलं आणि त्या कोऱ्या पानाला खानदान म्हणतो.

हे सगळं आत्ताच का काढलं? कारण आपल्या कुळाची पुस्तिका छापायला निघाली आहे. मूळ गाव, कुलदेवता, जुन्या आठवणी, आणि शेवटी वंशावळ. मसुदा ग्रुपवर आला, मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. अमक्याला तीन मुलगे, तमक्याला दोन. मुलीच नाहीत! शंभर-दीडशे वर्षांत या कुळात मुलगी जन्मली नाही काय? सुनांच्या जागी फक्त 'पत्नी'. माहेरचं नाव नाही, गाव नाही. बाळंतपणात गेलेल्या पहिल्या बायका नाहीत. लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेल्या आत्या नाहीत, ज्यांनी आपल्यातल्या अर्ध्या लोकांना अंगाखांद्यावर वाढवलं. मालिकेत निदान छाया तरी दिसते, घरात राहते, बोलते. आपल्या पुस्तिकेत तिला एक ओळसुद्धा नाही.

मसुदा करणारे म्हणतात, 'पद्धतच तशी आहे.' देवळाच्या महाजनांच्या यादीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच लिहिले गेले, तिथून ही पद्धत घरात आली असणार. पण आपल्या गोव्यात दुसरीही पद्धत आहे, आणि ती कायद्याची आहे. पोर्तुगीज सिव्हिल कोड 1867 चा, आपल्याकडे 1870 पासून लागू. त्यात आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी समान. बापाने मृत्युपत्र केलं तरी अर्धी मालमत्ता वारसांसाठी राखीव, ती तो उधळून देऊ शकत नाही. सीमेपलीकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळायला, देशाचा कायदा बदलायला, 2005 साल उजाडलं. आपण याचा केवढा अभिमान सांगतो!

बँकेत असताना जुन्या घरांची कागदपत्रं माझ्या टेबलावर खूप आली. घर गहाण टाकायचं तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. चार भाऊ रुबाबात यायचे, 'साहेब, आम्ही चौघेच.' वारसा ठरल्याचा दस्त उघडला की त्यात दोन बहिणी, आणि आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या नवऱ्यांच्याही सह्या लागायच्या. मग पत्ते शोधायची धावपळ, कोणी मुंबईला, कोणी बेळगावला. सहीला बहीण आठवते, वंशावळीला आठवत नाही. कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे एकच उपमा देतो. ज्या रकमेचं खातं लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. पण ती तिथे कायमची ठेवायची परवानगी नव्हती. ऑडिटर आला की पहिला बोट तिथेच ठेवायचा. आपण आपल्या बायका, मुली आणि त्या दुसऱ्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सस्पेन्समध्ये ठेवली आहेत. मग रहस्यमालिका बघायला टीव्ही कशाला हवा?

'कशाला जुनं उकरायचं, काका?' असं काही जण म्हणतील. अहो, जमिनीची मोजणी आली की हेच लोक पणजोबांपर्यंत उकरतात. कोणी म्हणेल, नावं छापली तर उद्या वाटा मागायला येतील. पुस्तिकेत नाव आल्याने कोणाला जमिनीत वाटा मिळत नाही, तो कायद्याने आणि दस्तांवर ठरतो. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्या दुसऱ्या घरांचे वंशज आज आपापल्या जागी मानाने राहतात. त्यांना न विचारता त्यांची नावं छापणं हा आपला दुसरा उद्दामपणा ठरेल. म्हणून ज्यांची परवानगी मिळेल त्यांचीच छापा. ज्यांची मिळणार नाही, त्यांच्यासाठी निदान एवढं लिहा की या कुळातल्या काही पुरुषांनी दुसरी घरं केली आणि त्या घरांना नाव दिलं नाही. नावं त्यांची झाका, दोष आपला झाकू नका.

मुली आणि सुनांच्या बाबतीत मात्र सबबच नाही. प्रत्येक घरात सत्तरी ओलांडलेली एखादी आजी, काकी, आत्या अजून आहे. तिला फोन लावा. तिला चार पिढ्यांच्या माहेरवाशिणी तोंडपाठ असतात. पुरुषांना मोजणीचे नंबर पाठ असतात, एवढाच फरक. ती आहे तोवर लिहून घ्या. ती गेली की कुठल्याच कचेरीत ही नोंद सापडायची नाही.

माझ्या शाखेची यादी मी मसुदा करणाऱ्यांकडे कालच पाठवली आहे. सत्तावीस पुरुष, एकतीस बायका, सुनांच्या माहेरच्या गावांसकट. ती पूर्ण छापणार असाल तर वर्गणी आजच्या आज भरतो. फक्त सत्तावीस छापणार असाल तर आमची शाखाच वगळा.

शेवंताला लाईक देऊन झालं असेल, तर आता आपापल्या घरची यादी पाठवा.