ग्रामसभेला रिकाम्या हाताने येऊ नका

ग्रामस्थहो, आयाबायांनो,

२ ऑक्टोबरची ग्रामसभा तोंडावर आली आहे. पुढच्या वर्षाचा ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा याच दिवसांत आकार घेतो. दरवर्षी काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गटार नाही, सभामंडप नाही, पेव्हर ब्लॉक नाहीत, अशी ‘नाहीं’ची यादी निघते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग उरलेसुरले आठ-दहा जण गावाचे ठरवून मोकळे होतात.

यंदा आधी ‘आहे’ची यादी करा. चार संध्याकाळी वाड्या-वस्त्यांवर फिरा, वही सोबत ठेवा. कोणता ओढा अजून वाहतो? कोणती विहीर नुसता गाळ काढला तरी चालू होईल? दगडाची ताल रचणारे हात कोणाचे? गावठी वालाचे बी कोणाच्या उतरंडीत आहे? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी बियाणे जपून त्यांनी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. अशी जाणती बाई आपल्याकडेही असेल. तिला कधी कोणी सभेत बोलू दिले?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटात बसून आपले प्रश्न समजून घेतले, निर्णय सर्वसहमतीने घेण्याची सवय लावली. म्हणून २००९ मध्ये जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा बांबूचा कारभार त्यांना स्वतः पेलता आला. हिवरे बाजार हे गाव पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतो आणि त्यावरून पिके ठरवतो. सरकारी निधी या गावांनीही घेतला, आपणही घ्यावा. हक्काचाच आहे तो. मात्र कशासाठी हवा, हे गावाने ठरवावे, ठेकेदाराने नव्हे.

एक काम तर थांबूच शकत नाही. ओढा वाहतो आहे तोवर वनराई बंधारा घातला तरच उपयोग. त्यासाठी घरातल्या सिमेंटच्या, खताच्या रिकाम्या गोण्या काढून ठेवा. तरुण मंडळांनो, गणपतीत दाखवलेला उत्साह एक दिवस श्रमदानाला द्या.

बचत गटांनी ग्रामसभेआधीच्या महिला सभेला पूर्ण संख्येने यावे. ग्रामसभेत वही वाचून दाखवा आणि आपला ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय कोणीही उठू नका.